दुसरा माणूस रजेवर आहे

तीन नंबरच्या सर्व्हरसाठी मागवलेली मेमरीची नवी पट्टी येऊन ताईच्या टेबलाच्या खणात पडली होती आणि ताई ती बसवत नव्हती. भांडार सांभाळणारे काका रोज चहाच्या वेळी येऊन चौकशी करत.

"ताई, बसवली का?"

"उद्या बसवते."

"उद्या म्हणजे आजचा उद्या, की कालचा?"

"आजचा."

"मग हरकत नाही. कालच्याची आशा मी सोडलीच होती."

काकांनी त्या पट्टीसाठी वरच्या कार्यालयात खेटे घातले होते, सह्या गोळा केल्या होत्या. आपण हौसेने वाढलेलं ताट समोरच्याने नुसतं झाकून ठेवावं, तसं त्यांना होत होतं. त्यांना काय सांगणार? पट्टी बसवली की आमच्या घरातला एक फोन वाजायचा बंद होईल, हे काही भांडारात सांगण्यासारखं कारण नव्हतं.

शहरातल्या सगळ्या वाचनालयांचं ते मध्यवर्ती कार्यालय. कुणी कोणतं पुस्तक नेलं, कुणी परत केलं, हे सगळं तीन नंबरच्या पोटात असे. आता सर्व्हरच्या मेमरीत कधीतरी एखादा आकडा आपोआप उलटतो. शून्याचा एक होऊन बसतो. बऱ्या सर्व्हरमध्ये ही चूक त्याच क्षणी पकडून सुधारली जाते, काम पुढे चालू राहतं, पुस्तक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला काही कळत नाही. फक्त ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, एक ओळ लिहून ठेवते: अमुक पट्टी, अमुक जागा, चूक झाली, सुधारली. अशी ओळ क्वचित आली तर कुणी मनावर घेत नाही. एकाच पट्टीच्या नावावर पुन्हा पुन्हा येऊ लागली, तर पट्टी थकली असं समजून ती बदलायची. कारण एकाच ठिकाणी दोन आकडे एकदम उलटले, तर ते सुधारता येत नाहीत. मग भलतंसलतं लिहून ठेवण्यापेक्षा सर्व्हर सरळ बंद पडतो.

या लॉगवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम ताईनेच बसवला होता. चुका वाढल्या की तो फोनवर निरोप पाठवी. आधी ताईला. तिने पाव तासात उत्तर दिलं नाही तर दुसऱ्या माणसाला. त्यानेही दिलं नाही तर साहेबांना. उत्तर काय आहे याच्याशी प्रोग्रॅमला कर्तव्य नव्हतं. कुणीतरी काहीतरी लिहिलं, की तो समाधानी होऊन गप्प बसे.

दुसऱ्या माणसाची, म्हणजे सहायकाची जागा कार्यालयात होती, सहायक नव्हता. ती जागा कधी भरलीच गेली नाही. पण प्रोग्रॅम रकाना रिकामा ठेवू देईना, म्हणून ताईने तिथे 'सहायक' असं लिहून खाली बाबांचा नंबर टाकला होता. नंतर बदलू म्हणून. तोवर निरोप त्यांना कळावा म्हणून त्याची भाषाही सोपी केली: 'तीन नंबर. मेमरीत चूक सापडली. सुधारली आहे.'

बाबा तारखात्यातून निवृत्त झालेले. निरोप आला की पोच द्यायची, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. ते लगेच उत्तर लिहीत: 'पोचला.' आणि मग एवढ्यावर समाधान होत नसे म्हणून ताईला फोन करत.

"तुझा तीन नंबर चुकला बरं का."

"सुधारली ना बाबा चूक? तसं लिहिलंय ना?"

"सुधारली. पण झाली होती ना?"

"सुधारलेल्या चुकीला कुणी विचारत नाही हो."

"मी विचारतो की. दुसरा माणूस ना मी?"

ताई हसून फोन ठेवी. तिने स्वतःच्या फोनवर सुधारलेल्या चुकांचे निरोप केव्हाच मुके करून टाकले होते. बाबा आहेत म्हटल्यावर तिला ते बघायचं कारण नव्हतं.

बाबा तीन मजले चढून येताना दुसऱ्या वळणावर थांबू लागले होते, तेही असंच. "काय झालं?" असं ताईने वरून विचारलं, की म्हणत, "काही नाही. खाली कुणाची सायकल उभी आहे, बघतोय." थोडं थांबलं की श्वास जागेवर यायचा. श्वास जागेवर आला की विषय संपायचा. एका सकाळी तो आला नाही.

नंतरच्या दिवसांत घर माणसांनी भरलं आणि मग रिकामं झालं. आई जेवायची विसरू लागली. म्हणजे पानावर बसायची, पण ताई समोर असेपर्यंतच. ताई पुन्हा कामावर जाऊ लागली तेव्हा दुपारचं ताट संध्याकाळी जसंच्या तसं सापडे.

एकदा चष्मा घरी राहिला म्हणून ताई दुपारी परत आली. कुलूप हळूच उघडलं, आईचा डोळा लागला असेल म्हणून. आई पलंगावर पडली होती. फडताळात बाबांच्या घड्याळाशेजारी त्यांचा फोन होता, आणि तो थरथरला. आई उठली. हात पदराला पुसले, बाबांचाच चष्मा डोळ्यांवर चढवला, निरोप वाचला, एका बोटाने बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि फोन होता तिथे ठेवला. मग ती स्वयंपाकघरात गेली, ताट वाढून घेतलं आणि खाली बसून जेवली.

ताई दारातूनच परत फिरली. चष्मा तसाच राहिला, त्यामुळे त्या दिवशी तिने बरीच पत्रं अंदाजाने वाचली. दुसऱ्या दिवशी काकांनी नवी पट्टी आणून दिली. ताईने ती खणात ठेवली आणि खण लावून टाकला. तीन नंबर चुकत राहिला, तर आई जेवत राहील, असा सरळ हिशेब होता. काय लिहितेस, असं तिने आईला विचारलं नाही. ते आईचं आणि बाबांचं होतं.

तीन नंबरनेही तिला निराश केलं नाही. वाचनालयं उघडली की तो चुकू लागे, बंद झाली की शहाण्यासारखा वागे. आधी दिवसाकाठी एखादा निरोप जाई, मग सकाळ-दुपार जाऊ लागला, मग तासातासाला. आईच्या तब्येतीत फरक दिसू लागला. ताईला वाटलं, जमलं. आणि नेमक्या त्याच सुमारास वरच्या कार्यालयातून तपासनीस बाई आल्या.

बाईंना चहा नको होता, बिस्किटं नको होती, त्यांना लॉग हवा होता. साहेब नवीन, मागच्याच वर्षी बदलून आलेले. ते बाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि पडद्याकडे समजल्यासारखं पाहू लागले.

"यात पहिला नंबर कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"माझा," ताई म्हणाली.

"तुम्ही एकाही निरोपाला उत्तर दिलेलं नाही."

"सुधारलेल्या चुका होत्या त्या."

"मी प्रकार विचारला नाही. उत्तर दिलं का, ते विचारलं." बाई पडदा सरकवत राहिल्या. "पण हे तुमचे सहायक मात्र बघा. एक निरोप सोडलेला नाही. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा उत्तर आहे. साहेब, मी इतकी वर्षं तपासण्या करतेय, असं रेकॉर्ड पाहिलं नाही."

साहेब खूश झाले. हा सहायक कोण हे त्यांना माहीत नव्हतं, पण चांगला माणूस आपल्या कार्यालयात असणं त्यांना पटण्यासारखं होतं.

"कुठल्या शाखेत बसतात हो ते?" त्यांनी ताईला विचारलं. "भेट नाही झाली कधी."

"ते..." ताईने खणाकडे पाहिलं. "ते रजेवर आहेत."

"रजेवर?" बाई म्हणाल्या. "आणि तरी उत्तर देतात?"

"हो."

"अशी माणसं राहिली नाहीत आता."

"नाही राहिली," ताई म्हणाली.

काका दाराशी उभे होते. ताईचे बाबा गेले, हे त्यांना माहीत होतं. सहायकाची जागा रिकामी आहे, हेही माहीत होतं. त्यांनी एकदा ताईकडे पाहिलं आणि एकदा छताकडे.

"मी काय म्हणतो," साहेबांना हुरूप आला होता, "सर्व्हरची खोली सगळी त्यांच्याकडेच सोपवू. ताई, राग मानू नका, पण तुम्ही त्यांच्या हाताखाली काम केलंत तर थोडी शिस्त लागेल."

"राग नाही. सवय आहे मला."

"कधी येणार आहेत परत?"

ताईने मान खाली घातली. साहेबांनी ते मनाला लागल्याचं लक्षण समजून विषय सोडला. पण बाईंनी सोडला नाही. शिफारस करायची तर नमुन्यादाखल चार उत्तरं अहवालात घ्यावी लागतील, असं म्हणून त्यांनी उत्तरांचा रकाना उघडला. तो रकाना असतो हे ताईला ठाऊक होतं. त्यात डोकावण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

"पोचला," बाई वाचू लागल्या. "पोचला. पोचला. पोचला. मोजकं लिहितात. चांगलं आहे. मग इथे काही दिवस काहीच नाही. हे निरोप पुढे तुमच्याकडे गेलेत, साहेब."

"मला वाटलं जाहिरात आहे," साहेब म्हणाले.

"मग पुन्हा उत्तरं सुरू." बाईंनी चष्मा नीट केला. "'बरं.' 'बरं हो.' 'सुधारली ना, मग झालं.' हं, जरा मोकळेपणा आलाय. 'जेवलीस का?'"

साहेबांनी पडद्याकडे मान पुढे केली.

"'ऊन आहे, बाहेर पडू नकोस,'" बाई वाचत राहिल्या. समोर आलेलं वाचायचं ही त्यांची सवय होती. "'चुकतं एखादं. इतकं मनाला लावून घेऊ नये.' 'आज घेवडा केला होता, तुला नाही आवडत, पण केला.' 'रोज काय चुकतं गं तुझं? साहेब फार बोलतात का?'"

साहेब ताठ बसले.

"हे सहायक," ते सावकाश म्हणाले, "सर्व्हरला घेवड्याचं सांगतायत?"

ताई पडद्याकडे बघत होती. ते आईचं आणि बाबांचं नव्हतं. ती उत्तरं तिच्यासाठीच होती, आणि इतके दिवस ती एका रकान्यात साठत गेली होती. ताई काही म्हणणार, तेवढ्यात पडदा काळा झाला.

तीन नंबर बंद पडला होता. या खेपेला दोन आकडे एकदम उलटले होते. मग एका शाखेचा फोन वाजला, मग दुसरीचा, मग सगळेच वाजू लागले. प्रत्येक वाचनालयात पुस्तक हातात घेऊन माणसं खोळंबली होती. ताईने खण उघडला, पट्टी उचलली आणि ती सर्व्हरच्या खोलीकडे धावली. तिच्यामागून काका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन निघाले.

"आला एकदाचा उद्या," ते स्वतःशी म्हणाले.

टेबलावर ताईचा फोन राहिला होता. मोठ्या चुकीचा निरोप सर्व्हर बंद पडता पडता एकाच वेळी तिघांना जातो. साहेबांच्या खिशातही काहीतरी थरथरलं होतं; त्यांनी ते काढून पहिल्यांदाच वाचलं. मग ताईचा फोन वाजू लागला. वर नाव होतं 'बाबा'. खाली नंबर होता, आणि तो बाईंच्या हातातल्या कागदावर सहायकाच्या नावापुढे लिहिलेला होता. बाईंनी फोन उचलला.

"सहायक ना? बरं झालं तुम्ही केलात. तुम्ही रजेवर..."

"मी तिची आई बोलतेय," पलीकडून आवाज आला. "ती कुठेय?"

"त्या सर्व्हरच्या खोलीत आहेत. जरा सहायकांना देता का?"

"कोण सहायक? घरात मी एकटीच असते. अहो, 'बंद पडला' असं लिहिलंय तिनं. एरवी सुधारली, सुधारली लिहिते. बंद पडला म्हणून कधी लिहिलं नव्हतं. तिला बरं आहे ना?"

"त्यांना बरं आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज तपासणीचा राहिला नव्हता.

"जेवली का?"

बाईंनी टेबलावर पाहिलं. ताईचा डबा कोपऱ्यात होता. त्यांनी तो उचलून वजनाचा अंदाज घेतला.

"नाही."

"बघा. तिला म्हणावं, आधी जेव, मग काय ते दुरुस्त कर. सांगाल ना?"

"सांगते," बाई म्हणाल्या. वरून लेखी आल्याशिवाय एरवी त्या कुणाला काही सांगत नसत.

तीन नंबर सुरू झाला तेव्हा दुपार टळली होती. ताई परत आली. हाताला धूळ होती. बाईंनी डबा तिच्यापुढे सरकवला. साहेब पडद्यावरच्या त्या उत्तराविना राहिलेल्या दिवसांकडे बघत होते.

"ताई, सहायक म्हणजे..."

"माझे वडील. नंतर बदलू म्हणून नंबर टाकला होता."

"आणि हे मधले दिवस..."

"तेच दिवस."

साहेबांनी खिशातला फोन काढला, जुने निरोप शोधले आणि एकेक करून वाचले. त्यांना खूप वेळ लागला. जाहिरात त्यांत एकही नव्हती.

बाईंनी अहवालाचा कागद पुढे ओढला. पट्टी वेळेवर बदलली नाही, असं त्यांनी ताईच्या नावापुढे लिहिलं. ते खरंच होतं आणि ताईने मान हलवली. मग त्या सहायकाच्या ओळीवर येऊन थांबल्या.

"इथे काय लिहू, साहेब?"

साहेबांनी फोन खिशात ठेवला. "रजेवर आहेत, असंच लिहा."

संध्याकाळी ताई घरी पोचली तर आई खाली फाटकाशी उभी होती, हातात बाबांचा फोन.

"तू कशाला उतरलीस?"

"तुझाच निरोप ना? बंद पडला म्हणून लिहिलंस आणि मग दिवसभरात अक्षर नाही."

दोघी जिना चढू लागल्या.

"आई, ते निरोप मी नव्हते पाठवत. सर्व्हर पाठवायचा. आपोआप जायचे ते."

आईने चढता चढता हातातला फोन उलटसुलट करून पाहिला.

"आपोआप?"

"हो."

"म्हणजे मी इतके दिवस त्या यंत्राला जेवलीस का विचारत होते?"

"हो."

"आणि साहेबांबद्दल लिहिलं ते?"

"ते साहेबांनी वाचलं."

"वाचू दे," आई म्हणाली. एक पायरी चढून ती पुढे म्हणाली, "फोनवर नाव 'लेकीचं ऑफिस' असं यायचं. मला वाटलं, बाबांना सांगितल्याशिवाय तुला राहवत नाही, म्हणून अजून त्यांच्या नंबरवर लिहितेस. उत्तर नाही आलं तर तुला कसं वाटेल? म्हणून लिहायचे मी. नाहीतर त्या थरथरीनं दुपारचा डोळा लागेल तर शपथ. तुला जेवलीस का विचारलं, की मग मलाही बसावं लागायचं पानावर. स्वतः उपाशी राहून कसं विचारणार?"

"मला वाटलं, तुला ते हवे आहेत. म्हणून मी पट्टी बदलत नव्हते."

"मला कशाला हवेत तुझ्या यंत्राचे निरोप?"

ताईला हसू आलं. चार पायऱ्या चढल्यावर तिच्या लक्षात आलं, की शेजारी पावलं वाजत नाहीत. तिने मागे पाहिलं. आई दुसऱ्या वळणावर थांबली होती. एक हात कठड्यावर, तोंड खिडकीकडे.

"काय झालं गं?"

"काही नाही. खाली सायकल कुणाची उभी आहे, बघतेय."

ताई खाली आली. आईच्या खांद्यावरून तिने बाहेर पाहिलं. फाटकाशी कुणाचीही सायकल नव्हती.

"चल," आई म्हणाली. "थांबले, बरं वाटलं. झालं."

"बरं वाटलं. पण झालं होतं ना?"

आईने तिच्याकडे पाहिलं. हे वाक्य तिनेही पुष्कळदा ऐकलेलं होतं, फोनच्या या टोकाला बसून. ती वाद न घालता पायरीवर टेकली. ताई तिच्या शेजारी बसली, आपला फोन काढला आणि साहेबांना लिहिलं: 'उद्या रजेवर आहे. आईला डॉक्टरांकडे न्यायचं आहे.'

पाव तास जाऊ द्यावा लागला नाही. फोन लगेच थरथरला. सवयीने दोघींनी बाबांच्या फोनकडे पाहिलं. तो शांत होता.

"कोण?" आईने विचारलं.

"साहेब."

"काय म्हणतात?"

ताईने वाचून दाखवण्याआधी ते एकदा स्वतःशी वाचलं. एकच शब्द होता.

"'पोचला.'"

आईने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला, आणि कठड्याला धरून उठायला हात पुढे केला.

"बरं," ती म्हणाली. "त्यांना विचार, जेवलात का."